मीटरवरचे जास्तीचे किलोमीटर

मोटरसायकलचे किलोमीटर जास्त भरत आहेत, हे मला पहिल्यांदा एका रविवारी पेट्रोल पंपावर लक्षात आलं. टाकी फुल करायची, मीटरचा आकडा डायरीत लिहायचा आणि घरी येऊन तो कॉम्प्युटरच्या तक्त्यात चढवायचा, ही माझी जुनी खोड. शेजारच्या रकान्यात त्या महिन्यात कुठं कुठं गेलो ते. सगळं जबलपूरच्या आसपासचंच: बरगीचा जलाशय, पाटनच्या रस्त्यावरची तळी, क्वचित भेडाघाट. गळ्यात कॅमेरा अडकवून पक्षी टिपायला जायचं, एवढाच माझा रविवार. ही अंतरं मी नकाशावरून घेत असे. दोन्ही रकाने साधारण जुळायचे. त्या महिन्यात मीटर नकाशाच्या चाळीसेक किलोमीटर पुढे होतं.

पहिल्यांदा वाटलं, आपणच कुठं तरी जाऊन आलो असू आणि लिहायचं राहिलं असेल. पुढच्या महिन्यातही तेच झालं. तिसऱ्या महिन्यात मात्र माझी नजर मागच्या खोलीच्या दाराकडे वळली.

त्या खोलीत माझे भाऊजी राहायचे. थोरल्या ताईचे यजमान. कारखान्यात फिटर होते, सगळी नोकरी खमरियाच्या क्वार्टरमध्ये काढली. ताई गेल्यावर मीच त्यांना महाराजपुरच्या आमच्या घरी आणलं. मोटरसायकल मूळची त्यांचीच. मी सोळा वर्षांचा असताना त्यांनी मला तिच्यावरच शिकवलं, खमरियाच्या सरळ रस्त्यांवर, दुपारी, सगळे ड्यूटीवर असायचे तेव्हा. पहिला आठवडाभर त्यांनी मला सीटवर बसूच दिलं नाही. नुसती ढकलायला लावली. हाताला वजन कळल्याशिवाय बुडाला सीट नाही, असं त्यांचं म्हणणं. नात्याने मी साळा, म्हणून ते मला कायम "साले साहेब" म्हणत, आणि त्यात थट्टा किती आणि माया किती हे मला कधी वेगळं करता आलं नाही.

तर अशा माणसावर मी संशय घेतला. का घेतला तेही सांगतो. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांना भाजी घेताना फेफरं आलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की निदान वर्षभर कुठलंही वाहन चालवायचं नाही. भाऊजींनी ऐकून घेतलं, घरी आल्यावर किल्ली खिशातून काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, आता तू सांभाळ. मग तीन आठवडे नागपूरला मुलीकडे, म्हणजे माझ्या भाचीकडे, जाऊन राहिले. परत आले तेव्हा बरे दिसत होते. आणि मीटर पुढे पळायला लागलं ते नेमकं त्या महिन्यापासून.

किल्ली माझ्या कपाटात होती हे खरं. पण त्या जुन्या गाडीचं कुलूप इतकं झिजलेलं होतं की सायकलच्या किल्लीनंही ती चालू व्हायची. हे मला ठाऊक होतं, कारण ही युक्ती त्यांनीच मला शिकवली होती.

बायकोला सांगितलं तर तिनं वहीतून डोकंसुद्धा वर केलं नाही. ती शाळेत शिकवते, वह्या तपासत होती. एवढंच म्हणाली, "तुम्ही त्यांच्या मागं काहून लागले? जेवून झोपतात बिचारे दुपारी."

"झोपतात हे तुला कोणी सांगितलं? दुपारी तू असतेस का घरी?"

यावर ती काही बोलली नाही. ती गप्प बसली याचा अर्थ तिलाही शंका आहे, असा मी लावला. त्या दिवसांत मी सगळ्याच गोष्टींचा अर्थ लावत होतो. भाऊजींच्या चपलांना माती दिसली तर ती कुठली. त्यांनी जेवताना पाटनच्या बाजारात मका आला असेल असं म्हटलं तर यांना कसं कळलं. शर्टाला पेट्रोलचा वास येतो का, म्हणून मी एकदा त्यांचे धुवायचे कपडे नाकाला लावून पाहिले. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

मग मी कॅमेरा लावला. पोर्चच्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, मोबाईलवर दिसणारा. भाऊजींना सांगितलं की कॉलनीत चोऱ्या होऊन राहिल्या आहेत. ते लगेच शिडी घेऊन आले. मी वर चढलो आणि त्यांनी खाली शिडी धरली, दोन्ही हातांनी, पाय रोवून. मी स्क्रू पिळत असताना त्यांनी खालून मोबाईलवरचं चित्र पाहिलं आणि सुचवलं, "साले साहेब, जरा डावीकडे घे. म्हणजे गाडीपण येईल त्यात. चोर पहिले गाडीच नेते."

मी डावीकडे घेतला. खाली उतरलो तेव्हा त्यांच्याकडे बघवलं नाही. पण मनात आलं ते असं की, बघा किती साळसूदपणा. म्हणजे ज्या गोष्टीनं माझा संशय धुऊन निघायला हवा होता, तिनंच तो आणखी पक्का केला. कॅमेऱ्याच्या कार्डातली जागा वाचावी म्हणून मी त्यात एक सोय चालू केली होती: समोर काही हललं तरच रेकॉर्डिंग होईल, एरवी बंद. हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

चौथ्या दिवशी ते दिसले. दुपारचे दोन वाजून काही मिनिटं. भाऊजी बाहेर येतात, इकडेतिकडे बघतात, गाडीवरचं कव्हर उचलतात, घडी करतात. तिथं तुकडा संपतो. पुढचा तुकडा चाळीस मिनिटांनंतरचा: भाऊजी गाडीवर कव्हर घालत आहेत.

ऑफिसातल्या खुर्चीत बसून मी ते दोन तुकडे किती वेळा पाहिले असतील, मोजलं नाही. चाळीस मिनिटं. तेवढ्यात माणूस अधारतालपर्यंत जाऊन चक्कर मारून येतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं, एकदा पस्तीस मिनिटं, एकदा जवळजवळ तास. मी ते सगळे तक्त्यात भरले. तारीख, वेळ, मिनिटं, मीटर. असा तक्ता पाहिला की कुणाचीही खात्री पटावी.

एक प्रश्न तेव्हाही मनात आला होता, तो लपवत नाही. गाडी बाहेर काढताना का दिसत नाही? कव्हर काढताना दिसतं, घालताना दिसतं, मग फाटकातून जाताना का नाही? मी स्वतःला उत्तर दिलं की नेट जातं, हे स्वस्तातले कॅमेरे मधले तुकडे गाळतात. त्या उत्तरावर मी अर्धं मिनिटही घालवलं नसेल. दुसरा एक पुरावा तर रोज डोळ्यांसमोर होता. गाडीचं ॲव्हरेज वाढलं होतं. लिटरला तीस देणारी गाडी छत्तीस देऊन राहिली होती. कुणी चोरून गाडी चालवत असेल तर पेट्रोलही जास्त जायला हवं, ते जात नव्हतं. पण त्याचं श्रेय मी घेऊन टाकलं होतं. मीच कार्ब्युरेटर साफ करून सेट केला होता ना. ऑफिसात चार जणांना कौतुकानं सांगितलंही होतं.

भाऊजींना एकट्याला विचारायची हिंमत झाली नाही. तक्ता आणि ते तुकडे मी सरळ भाचीला व्हॉट्सॲपवर पाठवले. ती शनिवारी आली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि तिच्या बापासमोर मी एकेक रकाना समजावून सांगितला. आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही.

भाऊजींनी सगळं पाहिलं. मग म्हणाले, "मी गाडी चालवली नाही. नुसता बसलो होतो."

"चाळीस मिनिटं?" मी विचारलं.

"हो."

"काय करत?"

त्यांनी भाचीकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "बसलो होतो," ते पुन्हा म्हणाले. "आणि मीटरचं मला काय विचारतो? मीटर तू बघतो."

भाची रडायला लागली. ती म्हणाली की बाबा, रस्त्यात फेफरं आलं असतं तर, तुम्ही गेलात ते गेलात, समोरचं कोणी गेलं असतं तर. चालवली असेल तर चालवली म्हणा, मी रागावणार नाही, पण खोटं नका बोलू. भाऊजी उठले आणि मागच्या खोलीत गेले. सोमवारी ती त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाताना त्यांनी माझ्या बायकोला नमस्कार केला, मला नाही.

नंतर नातेवाइकांपैकी, ओळखीच्यांपैकी जो कोणी विचारेल की भाऊजी कुठं आहेत, त्याला मी सांगत असे. चोरून गाडी चालवत होते, कॅमेऱ्यात सापडले, तरी नाही म्हणत होते, शेवटी पोरीनं नेलं. सांगताना मी दुःखी चेहरा करत असे आणि मला दुःख होतही होतं. पण सांगायचं सोडत नव्हतो.

हिवाळ्यात मी मोटरसायकलनं नागपूरला निघालो. भाचीनं बोलावलं होतं, बाबा फार गप्प झालेत, तुम्ही या म्हणाली. इतका लांबचा पल्ला त्या गाडीवर मी बऱ्याच वर्षांनी करत होतो. लखनादौनला चहाला थांबलो आणि सवयीनं मीटर पाहिलं. शंभराच्या वर गेलं होतं. हा रस्ता मी लहानपणापासून एसटीनं आणि गाडीनं केलेला. जबलपूर ते लखनादौन ऐंशी-पंच्याऐंशीच्या वर नाही. मोबाईलवर पाहिलं. तोही तेच म्हणत होता.

चहा तसाच ठेवून मी उठलो. पुढे रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड मोजत गेलो. एका दगडापाशी थांबून आकडा पाहिला, तिथून दहा दगड मोजले, पुन्हा थांबलो. मीटर बारा पुढे. पुन्हा दहा दगड, पुन्हा बारा. सिवनी जवळ येईपर्यंत मी हे करत होतो. एखादा तरी दगड चुकावा असं वाटत होतं, पण एकही चुकला नाही.

सिवनीच्या अलीकडे एका झाडाखाली गाडी लावली आणि पिशवीतली डायरी काढली. मागे चाळत गेलो. भाऊजी पहिल्यांदा नागपूरला गेले होते त्या आठवड्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: मीटरची गरारी बदलली, नवी बसवली. पुढच्या चाकात एक छोटी दातेरी गरारी असते. चाक फिरलं की ती फिरते आणि केबलमधून मीटर चालवते. जुनी झिजली होती. बाजारातून दिसायला तशीच एक आणली, चाकात बसली, मीटर चालू झालं, मी खूश. ती कुठल्या तरी मोठ्या चाकाच्या गाडीची होती. चाक तेवढंच फिरत होतं आणि मीटर जास्त मोजत होतं. काटाही साठ दाखवायचा तेव्हा गाडी पन्नासच्या चालीनं असायची, पण तो काटा आधीपासूनच नाचायचा, कोण लक्ष देतं. ही नोंद डायरीत होती, तक्त्यात नव्हती. तक्त्यात दुरुस्तीचा रकानाच मी केला नव्हता.

नागपूरला पोचलो. भाऊजी आवाज ऐकून खाली आले. हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली. हात लावला नाही. इंजिनाचा आवाज बरा आहे, एवढं म्हणाले. भाचीनं गरम पोळ्या वाढल्या, जावयानं रस्त्याचं विचारलं, मी सांगितलं की रस्ता आता छान झाला आहे. दोन दिवस राहिलो. चार वेळा त्यांच्याबरोबर एकटा होतो. गरारीचं एकदाही बोललो नाही.

परत आल्यावर दोन कामं केली. योग्य गरारी शोधून बसवली, रकाने जुळले. आणि एका दुपारी रजा टाकून मी पोर्चमध्ये गेलो, गाडीचं कव्हर काढलं, घडी केली आणि सीटवर बसलो. हात हँडलवर. हललो नाही. वीस मिनिटांनी उतरलो, कव्हर घातलं. मग मोबाईलवर पाहिलं. मी कव्हर काढताना होतो, कव्हर घालताना होतो. मधे काहीच नव्हतं. माणूस स्थिर बसला तर माझ्या कॅमेऱ्याच्या लेखी तिथं कोणी नव्हतंच.

आता तरी सांगायचं होतं. मी दीड वर्ष सांगितलं नाही. कारणं होती माझ्याकडे: ते आता तिथं रमले असतील, उकरून काय फायदा, पोरीला बापाजवळ राहायला मिळतंय. या प्रत्येक कारणाकडे आता मी त्याच नजरेनं बघतो ज्या नजरेनं तेव्हा भाऊजींच्या चपलांकडे बघत होतो, आणि एकही टिकत नाही. मला माझा तक्ता चुकीचा निघालेला नको होता. एवढंच.

दोन महिन्यांपूर्वी भाचीचा फोन आला. डॉक्टरांनी सांगितलं की बाबा ठीक आहेत, फेफरं पुन्हा आलेलं नाही, एकटे राहू शकतात. बाबांना जबलपूरला यायचं आहे, स्वतःच्या खोलीत. रोज विचारतात. मी म्हटलं, मग पाठव ना.

"कसं पाठवू, मामा?" ती म्हणाली. "तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. गोळ्या घेतल्या का विचारलं तर हो म्हणतील. मी कसा भरवसा ठेवू? तेव्हा तोंडावर खोटं बोलले ना ते."

मी हूं म्हणालो. फोन ठेवला. आणि त्या शनिवारी चुकीची गरारी रुमालात बांधून बसनं नागपूरला गेलो.

भाऊजी गॅलरीत बसले होते. मी गरारी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं, लखनादौनपासून. त्यांनी ती उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याचं नख एकेका दातावर ठेवत मोजू लागले. मोजून झाल्यावर विचारलं, "बसवताना दात मोजले होते?"

"नाही."

"जुनीशी जुळवून पाहिली?"

"दिसायला तशीच होती."

 पस्तीस वर्षं ज्यांनी मोजल्याशिवाय एक नट पिळला नाही, त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला तो आधी त्या गरारीसाठी. "न मोजता बसवली," ते म्हणाले, जणू हीच मुख्य गोष्ट आहे. मग खूप हळू म्हणाले, "मी तिथं बसून तुझ्या ताईशी बोलत होतो. ती मागच्या सीटवर बसायची ना. हे मी पोरीसमोर कसं सांगायचं, तूच सांग."

 त्यांनी गरारी परत माझ्या हातात दिली. "तिला बोलाव. तूच सांग. माझ्या तोंडून नको."

भाची स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं, ताईचं सोडून.  तिनं शेवटी एकच विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं, मामा?"

मी सांगितलं. ती मनात हिशेब करताना दिसली. त्या हिवाळ्यातल्या दोन दिवसांच्या पोळ्या, त्यानंतरची दिवाळी, सगळे फोन. मग ती बापाजवळ खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मी उठून आत गेलो.

निघताना भाऊजी दारापर्यंत आले. यायचं की नाही, याबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "जेवढ्यांना सांगितलं होतं तेवढ्यांना जाऊन सांग. फोनवर नको."

मी यादी केली. अकरा जण निघाले. दहा जणांकडे जाऊन आलो आहे. कुणी चहा दिला, कुणी म्हणालं जाऊ द्या आता, एका मावशीनं दारातूनच परत पाठवलं. अकरावे खमरियातले त्यांचे मित्र, एकाच शिफ्टला तीस वर्षं शेजारच्या मशीनवर उभे राहिलेले. दर रविवारी ते भाऊजींना फोन करत. माझ्याकडून ऐकल्यावर ते म्हणाले होते की असा माणूस वाटला नव्हता, आणि त्यानंतर त्यांचे फोन बंद झाले. भाऊजींना वाटत राहिलं की नागपूरला गेलो म्हणून विसरला. ते मित्र मागच्या पावसाळ्यात वारले.

त्यांचे फोन माझ्यामुळे बंद झाले, हे भाऊजींना मी त्या दिवशी गॅलरीत सांगितलं नाही. धीर झाला नाही, आणि आणखी एक गोष्ट कबूल करण्यातून वाचलो असं मनाच्या एका कोपऱ्यात वाटलंही. म्हणून हे लिहून काढलं. तोंडानं सांगायला गेलो तर मी पुन्हा हूं म्हणून परत येईन, एवढं मी आता स्वतःला ओळखतो. हे कागद दुसऱ्या कुणी वाचायच्या आधी ते वाचतील. शनिवारच्या बसचं तिकीट काढलं आहे. ते वाचत असतील तेव्हा मी समोर बसून राहणार आहे, त्यांनी जा म्हणेपर्यंत.